पंधरा वर्षं ठेवायची गाडी: वागळे इस्टेटच्या गॅरेजमधून सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. राहायला ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवली, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला, आठवड्यातले चार दिवस जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. वर्षातून चार-पाच वेळा संगमेश्वरजवळ गावी. घरात तुम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात. बजेट ऑनरोड ११ ते १२ लाख. गाडी एकच घ्यायची आणि १५ वर्षं ठेवायची. ॲव्हरेज चांगलं हवं, गॅरेजच्या चकरा नकोत. आणि शेवटी विचारलंय की पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड की इलेक्ट्रिक, ऑटोमॅटिक घ्यावी का, आणि पंधरा वर्षांनी गाडीचं काय.

मी आयटीआय करून १९९६ साली हातात पाना घेतला. आधी दुसऱ्यांकडे आणि मग वागळे इस्टेटमध्ये स्वतःच्या गॅरेजात, ठाणे-नवी मुंबईच्याच गाड्या बघत आलोय. त्या अनुभवावरून सांगतो: शोरूममध्ये उभी असलेली गाडी बघू नका, तिचं दहावं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पहिली चार-पाच वर्षं आजकालची कुठलीही गाडी बरी चालते. वॉरंटी असते, रबरं नवी असतात, वायरिंग कोरं असतं. खरी परीक्षा आठव्या वर्षापासून पुढे सुरू होते. लोक गाडी विकतात ते इंजिन बसलं म्हणून फार क्वचित. विकतात कारण एका पावसाळ्यात तीन वेगवेगळी कामं निघाली, प्रत्येकाचं बिल २० हजारांच्या पुढे गेलं आणि माणूस कंटाळला. ज्या गाडीत अशी कामं कमी निघतात आणि निघाली तरी परवडतात, ती टिकाऊ गाडी.

माझ्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी पासिंग झालेल्या दोन पेट्रोल गाड्या यायच्या. एक कळव्याच्या निवृत्त शिक्षकांची. १ लाख ९० हजार किलोमीटर झाले तरी इंजिन उघडलेलं नव्हतं. दुसरी ७० हजारांतच हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) जाऊन टो करून आली. मालकांनी कुठल्याशा पंपावर रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टॉप-अप करून घेतलं होतं, पुढे तीन वर्षं तेच चाललं. आतून गंज धरला, मुंब्रा बायपासच्या चढावर ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं आणि दिवा लागल्यावरही त्यांनी "घरापर्यंत जाऊ" म्हणून गाडी चालवली. हल्ली बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की समजा उशीर झालेलाच आहे, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. गाडी तीच, वर्ष तेच, कंपनी तीच. म्हणून कुठली कंपनी टिकाऊ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मालकाच्या सवयीत असतं. उरलेलं अर्धं मी आता देतो.

आधी तुमचा रस्ता. घोडबंदर रोडवर गुजरात आणि जेएनपीटीच्या बाजूचे कंटेनर चालतात, त्यात गेली कित्येक वर्षं मेट्रो ४ चं काम. वाघबीळ, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोडला लागायचं. सकाळच्या वेळेला या पट्ट्यात सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरा. आता हिशोब करा. १५ च्या वेगाने १० हजार किलोमीटर चालायला इंजिन साधारण ६६७ तास चालतं. तेच अंतर हायवेला ६० च्या सरासरीने कापलं तर १६७ तास पुरतात. मीटरवर दोन्ही गाड्या १० हजारांच्याच दिसतात, पण तुमचं इंजिन चौपट वेळ फिरलेलं असतं, फॅन चौपट वेळ चाललेला असतो, एसीचा कॉम्प्रेसर तसाच. म्हणून "माझी गाडी फार चाललेली नाही हो" असं जेव्हा घोडबंदरचा माणूस म्हणतो, तेव्हा मी मीटर बघत नाही, क्लच आणि इंजिन ऑइल बघतो.

ॲव्हरेजच्या आकड्यांचंही तसंच. कंपनी जो आकडा छापते तो पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे, एसी बंद ठेवून काढलेला असतो. तो खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला चांगलाच उपयोगी पडतो. पण तुमच्या टाकीला तो लागू होत नाही. ज्या पेट्रोल गाडीवर २४ लिहिलंय ती ऑफिसच्या वेळेत घोडबंदरवर १४ ते १६ देते, गावी जाताना ८०-९० चा वेग धरला तर २० च्या आसपास. माझे जे ग्राहक टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब वहीत ठेवतात, त्यांचे आकडे हेच सांगतात. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेकदा थोडा जास्तच दाखवतो.

मग ॲव्हरेजला किती किंमत द्यायची? तुमचं वर्षाचं रनिंग ऑफिसचं साधारण ७,७००, गावचं ३,०००, थोडं इकडचं-तिकडचं, म्हणजे ११ हजार धरू. पेट्रोल हिशोबापुरतं १०० रुपये लिटर. १५ च्या ॲव्हरेजने वर्षाला ७३३ लिटर, म्हणजे ७३ हजार रुपये. १७ च्या ॲव्हरेजने ६४७ लिटर, म्हणजे ६५ हजार. फरक आठ-नऊ हजारांचा. वर्षाला एवढे पैसे नक्कीच छोटे नाहीत, पण गिअरबॉक्सचं एक मोठं काम निघालं तर सात-आठ वर्षांची ती बचत एका आठवड्यात जाते. म्हणून दोन-तीनच्या फरकासाठी नाजूक यंत्रणा घेऊ नका असं मी सांगतो.

आता इंधन. डिझेलचं लवकर आटपतो, कारण तुम्ही विचारलेलंही नाही, पण काका-मामा कोणीतरी सुचवणारच. एप्रिल २०२० पासून बीएस ६ आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुरात डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी बसली. ती जाळायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळवावी लागते. तुमच्या रोजच्या २० किलोमीटरच्या रखडपट्टीत ती तुंबत जाते. वर्षाला ११ हजार किलोमीटरसाठी डिझेल घ्यायचं कारणच नाही.

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, तंत्र म्हणून मला मनापासून आवडतं. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडवर २७.९७ चा आकडा छापलेला आहे, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन बराच वेळ बंदच राहत असल्यामुळे आपल्या रस्त्यावर तिचा फायदा उलट वाढतो. त्या गाडीत क्लच नाही, नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. गिअर म्हणून ग्रहमालेसारखी एक दंतचक्रांची जोडणी आहे, तिच्यात झिजण्यासारखं फार कमी आहे. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या आणि या मोठ्या गाड्या ४० टक्क्यांत गेल्या. तुमच्या बजेटच्या त्या बऱ्याच बाहेर जातात. हायब्रिडला २१ चं ॲव्हरेज धरलं तर वर्षाला २१ हजारांच्या आसपास वाचतील. किमतीतला फरक पाच लाखच धरला, तरी तो वसूल व्हायला २४ वर्षं लागतील. वर्षाला २५ हजार किलोमीटर चालणाऱ्याला मी हायब्रिडच सांगितली असती.

इलेक्ट्रिकबद्दल मला तुम्हालाच एक विचारायचंय: तुमचं पार्किंग कसलं आहे? घोडबंदरच्या बऱ्याच टॉवरांत पझल किंवा स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे यंत्राच्या ट्रेवर गाड्या एकावर एक ठेवायच्या. त्या ट्रेवर स्वतःचा चार्जर लावता येत नाही, आणि वजनाची, उंचीची मर्यादा असते ती वेगळीच. (ती मर्यादा कुठलीही गाडी घेण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा. उंच गाडी बुक करून मग रस्त्यावर लावणारे लोक मी पाहिलेत.) तुमचं जमिनीवरचं स्वतःचं पार्किंग असेल आणि मीटरपासून वायर ओढायला सोसायटी तयार असेल, तर रोजच्या ४० किलोमीटरला इलेक्ट्रिकइतकं स्वस्त काहीच नाही. पण घरात एकच गाडी, तीच घेऊन गणपतीत पाच माणसं आणि सामान ३०० किलोमीटर न्यायचं, वाटेत चार्जरला रांग, आणि १५ वर्षांत एकदा बॅटरीचा मोठा खर्च येण्याची शक्यता. घरात दुसरी गाडी म्हणून मी लगेच घ्या म्हणेन. एकुलती एक म्हणून, तुमच्या बजेटमध्ये, आज नाही.

राहिले पेट्रोल आणि सीएनजी, आणि खरी निवड या दोघांतच आहे.

सीएनजीचा हिशोब जोरदार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. लहान गाडी ट्रॅफिकमध्ये किलोला २४ देते असं धरा, गॅस ८० रुपये किलो. वर्षाला ४५८ किलो, म्हणजे ३७ हजारांच्या आत. पेट्रोलच्या ७३ हजारांच्या जवळजवळ निम्मे. गाडीला ९०-९५ हजार जास्त पडतात, म्हणजे अडीच-तीन वर्षांत वसूल. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रस्ता करही पेट्रोलपेक्षा कमी लागतो. मग मी सगळ्यांनाच सीएनजी का सांगत नाही? पहिलं, रांग. आठवड्यातून दोनदा भरायला लागतो, आणि सकाळी रिक्षा-टॅक्सींच्या मागे अर्धा तास गेला तर तो वेळ तुमचा जातो. गणपतीत महामार्गावरच्या पंपांवर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दुसरं, डिकी. सिलिंडरने ती खाल्ली की पाच माणसांचं सामान ठेवायचं कुठे? टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी खाली दोन लहान सिलिंडर बसवले, ही आपल्याकडच्या कुटुंबांची अडचण ओळखून केलेली फार चांगली सोय आहे. तिसरं, ताकद थोडी कमी होते. एकट्याने ऐरोलीला जाताना जाणवणार नाही, परशुराम घाटात पाच माणसं आणि एसी असताना जाणवेल. चौथं, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी), आणि प्लग, एअर फिल्टर वेळच्या वेळी. सीएनजी घेतलीत तर कंपनीचीच घ्या, बाहेरून किट लावू नका, आणि आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. नाहीतर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) धरतात आणि टाकीतलं पेट्रोल जुनं होतं.

आता गिअरबॉक्स. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण १५ वर्षांच्या हिशोबात गाडी इथेच तरते किंवा बुडते.

साधा मॅन्युअल गिअर सगळ्यात टिकाऊ, यात वाद नाही. पण माजिवड्याच्या पुलावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवणाऱ्यांची क्लच प्लेट ४०-५० हजारांत जाते आणि नीट चालवणाऱ्यांची लाखाच्या पुढे जाते. काम मोठं नाही, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बदललं की गाडी नव्यासारखी. त्रास होतो तो तुमच्या डाव्या पायाला. रोज अडीच-पावणेतीन तास, १५ वर्षं. तुमचं वय मला माहीत नाही, पण १५ वर्षांनी ते आजचं नसेल. मी स्वतः मॅन्युअलचा माणूस, तरी घोडबंदरहून रोज जाणाऱ्याला आता ऑटोमॅटिक घ्या असंच सांगतो.

ऑटोमॅटिक म्हटलं की त्यात चार वेगळी यंत्रं येतात, आणि शोरूमवाला चौघांनाही ऑटोमॅटिक म्हणूनच विकतो. एएमटी म्हणजे तुमचा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात बसवलेला. स्वस्त, ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच किंवा किंचित जास्त. स्विफ्टला मॅन्युअलचा छापील आकडा २४.८ आहे तर एएमटीचा २५.७५. गिअर बदलताना थोडा झोल येतो. आणि क्लच प्लेट त्यातही झिजतेच, चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवली तर लवकरच झिजते. चढावर ब्रेक धरा, एवढी एक सवय लावली की एएमटी पुष्कळ टिकते. सीव्हीटीत दोन पुलींमधून पोलादी पट्टा फिरतो, गिअर बदलतोय हे कळतच नाही. ट्रॅफिकमध्ये आई-बाबांना मागे बसवून नेताना यासारखं सुख नाही. तिचा जीव तिच्या तेलात आहे. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्या ट्रॅफिकमध्ये ४० हजारांना कंपनीचंच सीव्हीटी ऑइल बदला. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, भक्कम प्रकार, थोडं पेट्रोल जास्त पितो पण सोसतो खूप. तुमच्या बजेटच्या गाड्यांत तो आता फारसा मिळत नाही. आणि चौथा ड्युअल क्लच, म्हणजे आलटून-पालटून काम करणारे दोन क्लच. मोकळ्या रस्त्यावर अप्रतिम. पण त्यातला जो कोरडा प्रकार असतो, त्याच्या प्लेटा हवेवर थंड होतात, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच सरकवली की त्या तापतात. काम निघालं की कंट्रोल युनिटसकट बिल येतं. १५ वर्षं ठेवायची आणि रस्ता घोडबंदर, तर कोरड्या ड्युअल क्लचच्या वाटेला जाऊ नका.

इंजिनाबाबत माझा कल साध्याकडे आहे. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं, १.२ लिटरचं, टायमिंग चेन (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) असलेलं. टर्बो वाईट नसतो, पण तो तापतो, त्याला तेल वेळेवर आणि अचूक दर्जाचं लागतं, आणि दहाव्या वर्षी त्याची स्वतःची दुरुस्ती येते. रोज ताशी १५ ने जाणाऱ्याला त्याची ताकद वापरायलाही मिळत नाही. चार सिलिंडर मिळाले तर चांगलं, थरथर कमी, इंजिनाच्या माउंटिंगला त्रास कमी. तीन सिलिंडर असले म्हणून गाडी नाकारू नका. टायमिंग बेल्ट तेलात फिरणारं इंजिन मात्र शक्यतो टाळा. पट्ट्याचे कण सुटून ऑइलची जाळी तुंबली की इंजिन तेलावाचून जातं. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल बरेच जण घाबरून विचारतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील त्याला चालतील असेच असतात, नव्या गाडीला काळजी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं, एवढं मान्य करून चालायचं.

व्हेरिएंट निवडताना सर्वात वरचं घेऊ नका, मधलं घ्या. सनरूफच्या चौकटीतून पाणी जायला बारीक नळ्या असतात. धूळ आणि पालापाचोळ्याने त्या तुंबल्या की ठाण्याच्या पावसात पाणी आत उतरतं, कार्पेटखाली साचतं आणि वायरिंगला लागतं. मोठ्या चाकांचे, पातळ कडेचे टायर गायमुखच्या खड्ड्यात कडेने फाटतात. १५ इंची, जाड कडेचा टायर घ्या. तो स्वस्तही पडतो आणि लोअर आर्म, लिंक रॉड, बुश या सस्पेंशनच्या भागांचं आयुष्यही वाढवतो. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) यावर मात्र एक रुपयाही वाचवू नका. आणि बुकिंगच्या आधी शोरूमच्या सेल्समनकडे न जाता स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर जा. हेडलाइट, बाहेरचा आरसा, एसी कंडेन्सर, पुढचा बंपर आणि गिअरबॉक्सचं तेल, या पाच गोष्टींचा भाव आणि "आज मिळेल का" एवढं विचारून कागदावर लिहून आणा. कुठलंही ब्रोशर सांगणार नाही इतकं तो कागद सांगतो.

आता नावं घेतो, कारण नावं न घेता दिलेला सल्ला अर्धवट वाटतो.

तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती होंडा अमेझ, सीव्हीटी, मधलं व्हेरिएंट. १,१९९ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही, डिकी ४१६ लिटरची. छापील आकडा १९.४६, म्हणजे कागदावर इतरांपेक्षा कमी, आणि यावरूनच लोक तिला वगळतात. वर केलेला आठ-नऊ हजारांचा हिशोब मी यासाठीच केला. त्या पैशांत तुम्हाला चार सिलिंडरचं शांत इंजिन आणि ट्रॅफिकमध्ये धक्का न देणारा गिअर मिळतो. दुसरी पसंती टोयोटा ग्लँझा किंवा तिचीच बहीण बलेनो, एएमटी. हेही १.२ चं चार सिलिंडर, चेन असलेलं इंजिन, पार्ट गल्लोगल्ली मिळतात, संगमेश्वरच्या बाजारातसुद्धा कोणीतरी हात लावू शकेल. आणि पैशांची बचत हाच मुख्य विचार असेल, रांगेत थांबायची तयारी असेल आणि मॅन्युअल चालवायला तुम्हाला हरकत नसेल, तर डिझायर सीएनजी. २०२४ च्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी आदळवून बघायच्या चाचणीत, पाच तारे मिळाले. मारुतीच्या लहान गाड्यांबद्दल सुरक्षिततेची जी शंका लोकांना असायची, ती मलाही होती, आणि या निकालाने मला खरंच बरं वाटलं. ३३.७३ चा तिचा छापील आकडा तुम्हाला मिळणार नाही, २४-२५ नक्की मिळेल.

सेकंडहँडचा विचार करत असाल तर एवढंच: एप्रिल २०२३ नंतरची बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा. पाण्यात बुडालेली गाडी कितीही चकचकीत केली तरी या दोन जागा खोटं बोलत नाहीत.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या चकरेत संपवू नका. गाडी घरी मागवा. तुमच्याच पार्किंगच्या रॅम्पवर चढवा, पाचही जणांना बसवा, एसी लावा आणि संध्याकाळी सहाला कापूरबावडीला न्या. बाबांना दोनदा चढायला-उतरायला सांगा. सीट फार खाली असेल तर गुडघेदुखीच्या माणसाला हाताने जोर लावून उठावं लागतं, आणि वडीलमाणसं हे कधी तोंडाने सांगत नाहीत. त्यांच्या हाताकडे बघा.

घेतल्यावरचं. वर तासांचा हिशोब सांगितलाय, त्यामुळे इंजिन ऑइल १० हजारांची वाट न बघता ७-८ हजारांना किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, आणि पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडे ओलावा भरपूर. कूलंट (रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारा द्रव) कंपनीचंच. पाऊस संपला की ऑक्टोबरात गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवा आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून घ्या. कितीतरी चांगल्या गाड्यांची दारं नुसत्या बुजलेल्या भोकांमुळे आतून सडलेली मी पाहिलीत. खाडीजवळ, ऐरोलीला दिवसभर गाडी उभी राहणार, तिथली हवा खारट, तेव्हा ही धुलाई चुकवू नका. उंदीर हा ठाण्याच्या सोसायट्यांतला मोठा शत्रू. गाडी चार दिवसांहून जास्त बंद ठेवू नका, बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या जाळीच्या पिशवीत बांधा, आणि गाडीत खाऊचा चुरा राहू देऊ नका. मुलगा सात वर्षांचा आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. २६ जुलै २००५ नंतर आमच्याकडे गाड्यांची रांग महिनोन् महिने संपत नव्हती. त्यातली निम्मी इंजिनं पाण्याने गेलेली नव्हती, पाण्यात बंद पडल्यावर मालकाने पुन्हा चावी फिरवली म्हणून गेली होती. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर जाऊ नका. बंद पडली तर चावीला हात लावू नका, ढकलून बाजूला काढा आणि टो बोलवा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीची भरपाई) आणि झिरो डेप (घसारा न कापता पार्टची भरपाई) किमान पहिली पाच वर्षं घ्या.

पंधरा वर्षांनी काय, हेही तुम्ही विचारलं होतंत. दिल्लीचे १० आणि १५ वर्षांचे नियम ऐकून लोक घाबरतात. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडी १५ वर्षांनी मोडावीच लागते असं नाही. आरटीओत फिटनेस तपासून पासिंगचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं, त्याची फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी खालून सडलेली नसली आणि धूर नीट असला की होऊन जातं. आमच्याकडे एमएच ०४ च्या अशा वीस वर्षांच्या गाड्या आजही सर्व्हिसला येतात.

आणखी एक काम पहिल्या महिन्यापासून करा. बँकेत वेगळं खातं उघडून दरमहा १,२५० रुपये गाडीच्या नावाने टाका, वर्षाचे १५ हजार. पहिली चार वर्षं त्यातले बरेच उरतील. सहाव्या वर्षी टायर, नवव्या-दहाव्या वर्षी सस्पेंशन आणि एसीचं काम निघेल, तेव्हा पैसे तिथे असतील आणि गाडी विकायचा विचार त्या बिलामुळे तरी येणार नाही.

बुकिंग केल्यावर पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा. चॅसिस नंबरवरून बनल्याचा महिना काढून घ्या, तीन महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा. टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा पाचही टायरांवर वाचा, बॅटरीवरची तारीख बघा, आणि दिवसा उजेडात रंग बघा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नको. एकदा नंबर पडला की मग काही बदलून मिळत नाही. पार्किंगचं कळवा, स्टॅक असेल तर ट्रेची लांबी आणि वजनाची मर्यादाही लिहा, म्हणजे अमेझ आणि डिझायर त्यात बसतात का ते मी बघून सांगतो.